अकरावं मिनिट

आठवडाभर मी रस्त्यांचा हिशेब मांडतो:
खडी किती, डांबर किती, डंपरच्या खेपा किती.
सुट्टीच्या पहाटे मात्र
उम्म अल-कुवैनच्या खाजणात
गुडघाभर चिखलात उभा राहून
खेकडे खाणारे पक्षी मोजतो.
पगार नाही. एक टोपी मिळाली होती, ती वाऱ्याने नेली.

उबैद होडी लावतो तिवरांच्या कडेला.
तो म्हणतो गुर्म, मी म्हणतो तिवर,
झाड दोघांनाही ओ देत नाही,
पानांवर मीठ काढून ठेवतं, बस्स.
माझ्या गावच्या खाडीत हेच झाड
आम्ही चुलीत घातलं, कुंपणाला लावलं.
किती होती, आता कोण सांगणार?

मैथा शिकवते.
नकाशावर चौकटी, प्रत्येकीला नंबर,
एकीला दहा मिनिटं, घड्याळ लावून.
"दिसलं ते लिही. दिसावंसं वाटलं ते नको.
काहीच नसलं तर शून्य लिही,
जागा मोकळी सोडू नकोस.
मोकळी म्हणजे कुणी गेलंच नाही.
शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन, थांबून, बघून आलं."

आई फोनवर विचारते, काय चाललंय तिकडे.
मी मोकळं सोडतो.

चौकट नऊ: एकोणतीस. त्यातली अकरा यंदाची पिल्लं, पाठ राखाडी.
चौकट दहा: वाळूत बिळं.
उबैद हात आडवा धरतो,
पुढे पाऊल नको, त्यांचं छप्पर खचेल.
चौकट बारा: एक टायर, दोन बाटल्या. शून्य.
चौकट सतरा: शून्य.
मागच्या वर्षी शून्य. त्याच्या मागच्याही.

एकदा सतरात घड्याळ वाजलं, मी वही मिटली,
चिखलातून पाय उपटत होडीकडे निघालो
आणि मागे तिघं उतरले.
लांब पाय, काळी जाड चोच.
एकाने खेकडा आपटून आपटून नांग्या सुट्या केल्या.
अकरावं मिनिट होतं.
मी मैथाकडे पाहिलं. तिनेही पाहिलं होतं.
लिहिलं नाही.
आज आपण मिनिट वाढवलं
तर उद्या कुणी कमी करील, एवढंच म्हणाली.

मग एका सोमवारी ऑफिसात टेबलावर नकाशा आला.
खाजणातून पलीकडे जाणारा नवा रस्ता.
जुनी रेघ नऊ-दहावरून सरळ,
तिच्यावर लाल फुली, कोपऱ्यात बारीक अक्षरांत:
पक्षीगणना, चार वर्षं.
रेघ वळली होती!
माझे एकोणतीस, माझी बिळं,
सहाशे चाळीस मीटर जादा रस्ता.
साहेब वैतागले: कोण लेकाचा मोजत बसतो हे?
मी मान खाली घालून जादा डांबराला दर लावला.
कंपनीचं नुकसान इतक्या सुबक अक्षरात
मी कधी मांडलं नव्हतं.

मग वळलेली रेघ बोटाने पुढे नेली.
दहाला वळसा, बाराच्या कडेने,
आणि सतराच्या मधोमध.
कारण सतरात काही नव्हतं.
मीच सांगितलं होतं. चार वेळा.

मैथा फोनवर बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, हरकतीला एकवीस दिवस आहेत.
उधाणाला जाऊ, भांगाला जाऊ,
पहाट सोडून दुसरी वेळ धरू.
उबैद होडीतलं पाणी उपसत होता.
सतरा? ते तर भरती चढायला लागली की येतात,
माझ्या आजोबांच्या वेळेपासून.
तुम्ही यायचात ओहोटीला.
आणि मला तुम्ही फक्त
डिझेल किती लागेल ते विचारलंत.

नव्या कागदावर एक रकाना वाढवलाय.
दुपारचे सव्वातीन. पाणी घोट्याला लागतंय.
उबैद म्हणतो, थांब.
घड्याळ मी दहा मिनिटांवरच लावलंय.